आखेनला खोली मिळत नाहीये, तर निघू की नको?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. जर्मनीतल्या आरडब्ल्यूटीएच आखेन विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय, सेमिस्टर ऑक्टोबरपासून. विद्यापीठाची मेल आलीय की आम्ही खोली देऊ शकत नाही, तुमची सोय तुम्ही बघा. वसतिगृहाच्या यादीत नाव घातलंयस, पण नंबर कधी लागेल कुणी सांगत नाही. आई म्हणते, राहायचं ठरल्याशिवाय विमानात बसायचं नाही. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकजण 350 युरोत खोली देतोय, पण दोन महिन्यांचं भाडं आत्ताच पाठवायचंय. नाहीतर प्रवेश वर्षभर पुढे ढकलू का, असंही विचारलंस.

ढकलू नकोस. इथली बहुतेक विद्यापीठं जागा राखून ठेवत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तीच धाकधूक. आणि पुढच्या ऑक्टोबरात खोल्या वाढलेल्या असतील अशी काही लक्षणं नाहीत. पैसेही पाठवू नकोस, त्यावर पुढे येते.

आधी त्या मेलचं. तू ती नकार म्हणून वाचलीस, पण ती सगळ्यांनाच जाते. आपल्याकडे सीओईपीला किंवा वालचंदला प्रवेश झाला की होस्टेलचा फॉर्म तिथेच मिळतो, त्यामुळे आपण धरून चालतो की खोली देणं हे कॉलेजचं काम. इथे वसतिगृहं चालवतं श्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीची वेगळी सरकारमान्य संस्था. मेन्सा, म्हणजे कँटीन, तेही तेच चालवतात. विद्यापीठाच्या हातात खोल्याच नाहीत. यादीतलं नाव मात्र जिवंत ठेव. अधूनमधून 'अजून खोली हवी आहे का' अशी मेल येते आणि उत्तर दिलं नाही तर नाव उडतं. ती स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा तिथेही बघत जा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट विद्यार्थी मंडळांची छोटी वसतिगृहं असतात, त्यांच्या याद्या वेगळ्या. आपण ख्रिश्चन नाही म्हणून आपली मुलं तिकडे फिरकतच नाहीत, पण ती बहुतेक सगळ्यांना घेतात. अर्ज टाकून ठेव.

आता मुद्द्याचं. सांगलीत बसून तू दोन वर्षांची खोली शोधतोयस, ते सोड. पहिल्या चार-सहा महिन्यांची शोध, आणि एकच अट धर: नोंदणीचा कागद मिळाला पाहिजे.

हा कागद काय ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर अडतं. जर्मनीत घरात राहायला गेलास की दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. नोंदीसाठी घर देणाऱ्याची सही असलेला एक पानी फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक आहे, फॉर्म साधा: कोण, कुठे, कुठल्या तारखेपासून राहायला आला. नोंद झाली की कराचा नंबर पोस्टाने घरी येतो, तो नोकरीला लागतो. रहिवासी परवान्याचा अर्ज नोंदलेल्या पत्त्यावरून होतो. बऱ्याच बँका खातं उघडताना नोंदणीचा दाखला मागतात, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी खर्चापुरते आधीच भरून ठेवलेले पैसे दर महिन्याला ज्या खात्यात येणार ते हेच खातं. म्हणजे महिनाभर कुणाच्या सोफ्यावर झोपून काढता येईल, पण कागदाशिवाय गाडं पुढे सरकत नाही.

म्हणून जाहिरातीत 'नोंदणी शक्य नाही' असं लिहिलेलं असेल तर भाडं कितीही कमी असो, पुढे जा. आणि कुणी म्हणालं की राहा कुठेही, पत्ता मी देतो, इतके युरो दे, तर हात जोड. न राहणाऱ्या माणसाला पत्ता देणं इथे बेकायदा आहे आणि दंडाची कमाल मर्यादा 50,000 युरो आहे. हा धंदा करणाऱ्यांत आपली माणसंही आहेत, 'सीनियर' म्हणून मिरवणारी. वाईट वाटतं, पण आहे तसं सांगते.

मग पहिल्या सहा महिन्यांची खोली येते कुठून? इथली मुलं इंटर्नशिपला, थीसिसला, एखादं सेमिस्टर स्पेनला किंवा स्वीडनला जातात. खोली सोडली तर परत आल्यावर मिळणार नाही हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून ती सोडत नाहीत, सामानासकट कुणाला तरी देऊन जातात. याला त्स्विशेनमीटं म्हणतात. पलंग, टेबल, कधीकधी सायकलसुद्धा मिळते. शूफा नावाचा पतदाखला, जो नव्या माणसाकडे असणं शक्यच नाही, तो अशा ठिकाणी सहसा मागत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च हाच त्यांचाही हंगाम, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाहिराती वाढतात. फक्त विचारून घे की मूळ घरमालकाची परवानगी आहे ना. असेल तर नोंदणीचा फॉर्म मूळ भाडेकरूसुद्धा सही करून देऊ शकतो.

अशा बहुतेक खोल्या वेगेमध्ये असतात, म्हणजे तीन-चार जणांच्या सामाईक घरात, आणि डब्ल्यूजी-गेझुख्ट या साइटवर सापडतात. तिथे तू पाठवलेला मसुदा मी वाचला. रागावू नकोस, पण तो स्थळाचा बायोडेटा झालाय: कष्टाळू, निर्व्यसनी, टक्केवारी, वडील काय करतात. समोर बसलेली मुलं एकेका खोलीसाठी ढिगाने मेसेज वाचत असतात आणि 'डियर सर ऑर मॅडम' दिसलं की पुढे जातात. त्यांना एवढंच कळून घ्यायचं असतं की हा माणूस सकाळी स्वयंपाकघरात भेटला तर बरं वाटेल का. जाहिरात पूर्ण वाच. काहीजण मधेच एखादा शब्द पेरून ठेवतात आणि उत्तराची सुरुवात त्या शब्दाने करा म्हणतात. न वाचणारे तिथेच गळतात. जाहिरात देणाऱ्याचं नाव असेल तर नावाने लिही. पहिली दोन वाक्यं जर्मनमध्ये, बाकी इंग्रजीत चालतं. कधी येणार, किती दिवस हवी, व्हिडिओ कॉलला कधी मोकळा आहेस, हे लिही. आणि एक खरीखुरी गोष्ट स्वतःबद्दल: तू ट्रेकला जातोस ना? राजगडाचा एक फोटो लाव, पासपोर्टवरचा नको.

स्वयंपाकाचं आधीच सांग. फोडणीचा वास भिंतीत बसतो, आणि ज्याला तो नकोय त्याच्याबरोबर हिवाळा काढणं दोघांनाही जड जातं. उलट 'शनिवारी सगळ्यांसाठी मिसळ करीन' या एका वाक्यावर खोली मिळालेली मुलं मला माहीत आहेत. तू शाकाहारी आहेस, तर एकाच फ्रिजमध्ये सॉसेज असणार, एकाच तव्यावर बेकन होणार. चालणार नसेल तर आपला तवा वेगळा ठेव. त्याचं इथे कुणाला काही वाटत नाही.

उत्तरं कमी येतील. परकं नाव बघून न उघडलेले मेसेजही त्यात असतील, हे लपवण्यात अर्थ नाही. लिहीत राहायचं.

आता त्या 350 युरोवाल्याकडे येऊ. आखेनच्या पॉन्टटोर या जुन्या वेशीजवळ, सामानासकट, स्वतंत्र स्टुडिओ, हॉटेलसारखे फोटो, भाडं इतकं कमी, मालक 'सध्या लंडनला', पैसे आले की किल्ली कुरिअरने. हा मजकूर मी इतक्या वेगवेगळ्या नावांखाली पाहिलाय की आता पुढची ओळ मीच सांगू शकते. तो तुझ्या पासपोर्टची प्रत मागेल, किंवा स्वतःची म्हणून कुणाची तरी पाठवेल, तीही आधी फसलेल्या माणसाची. त्याला एवढंच म्हण: व्हिडिओ कॉलवर ये, रस्त्यावरच्या दारापासून सुरू कर, बेलच्या पाटीवरचं नाव दाखव, टपालपेटी दाखव, मग जिना चढून खोलीत जा, खिडकी उघड. खरा माणूस हे दोन मिनिटांत करतो. खोटा माणूस चिडतो.

खोली खरी निघाली, लेखी करार आला, बोलणं झालं, तरी निघण्याआधी एका महिन्याच्या रकमेपेक्षा जास्त देऊ नकोस. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, म्हणजे हीटिंग-पाणी न धरता नुसत्या भाड्याइतकं असतं आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. दलालीचंही तसंच: 2015 पासून ज्याने दलाल नेमला त्याने पैसे द्यायचे, म्हणजे जवळजवळ नेहमी मालकाने. ग्रुपवर 'रूम ट्रान्सफर फी' कुणी मागितली तर ती मागणाऱ्याच्या खिशाची फी आहे.

भाडं वाचताना काल्ट की वार्म ते बघ. काल्टमध्ये हीटिंग, पाणी, कचरा धरलेला नसतो, वार्ममध्ये असतो. वार्ममध्येही वीज आणि इंटरनेट बऱ्याचदा वेगळं. शिवाय प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची वर्गणी आहे, महिना 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. वेगेत ती वाटून घेतात. सप्टेंबर 2024 पासून ब्लॉक्ड अकाउंटचा हिशोब महिना 992 युरोचा आहे, त्यात आरोग्य विमाही बसवायचाय. साधारण 400 पर्यंतची वार्म खोली मिळाली तर श्वास घेता येतो, 550 ला महिनाअखेर फरपट. खाजगी स्टुडंट अपार्टमेंट चकाचक असतात आणि त्याहूनही महाग. पहिल्या महिन्यांपुरती घ्यायची असतील तर किमान किती महिन्यांचा करार आहे ते बघ. ठरावीक मुदतीचा करार सहसा मधेच मोडता येत नाही.

रिकामा फ्लॅट तिघांनी मिळून घेऊ असं तुझ्या मित्राचं म्हणणं आहे. घ्या, पण पहिल्या वर्षी नको. इथे 'रिकामा' म्हणजे खरोखर रिकामा: स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून आलेले दोन नळ आणि स्टोव्हची वायर, ओटा नाही, सिंक नाही, छतातून दिव्याच्या जागी नुसत्या तारा लोंबतायत. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला असतो, किंवा तुला विकायला बघतो.

आणखी एक गोष्ट, जी आखेनलाच लागू आहे. शहर बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर आहे. शोधताना तुला फाल्सच्या जाहिराती दिसतील. सिटी बस जाते, सायकलनेही जाता येतं, खोल्या बऱ्या असतात. पण ते नेदरलँड्स आहे. युरोपियन मुलं खुशाल राहतात, तुला नाही जमणार. जर्मन व्हिसावर तिकडे फिरायला जाता येतं, बिऱ्हाड थाटता येत नाही, आणि इथली नोंदणी तिथल्या पत्त्यावर होत नाही. कॉफी प्यायला जा.

त्यापेक्षा रेल्वेच्या रुळाने बाहेर सरक. श्टोलबेर्ग, एश्वायलर, हेर्त्सोगेनराट, आल्सडोर्फ ही गावं ऑयरेगिओबान या लोकल गाडीने जोडलेली आहेत, ड्युरेन कोलोनच्या रस्त्यावर आहे. सेमिस्टर तिकिटात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवास पासात, हा प्रवास बसतो, जास्तीचा खर्च नाही. मुलं नाकं मुरडतात, 'कॅम्पसपासून लांब' म्हणतात. विरार-चर्चगेट किंवा पिंपरी-शिवाजीनगर केलेल्या माणसाला हे अंतर म्हणजे काहीच नाही. फक्त रात्रीची शेवटची गाडी आणि रविवारचं वेळापत्रक बघून घे.

आई चुकीचं बोलत नाहीये, तिला तारखा दाखव. व्हिसा परवानगी देत असेल तर सप्टेंबरच्या मध्यालाच ये. लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, तेवढा महिना हातात राहतो. काही ठरलं नसेल तर पहिल्या दोन आठवड्यांचं हॉस्टेल किंवा युगेंडहेरबेर्गं, म्हणजे यूथ हॉस्टेल, बुक कर, रद्द करता येईल असं. तिथे आनमेल्डुंग होत नाही, पण तिथून खोल्या बघायला जाता येतं, आणि 'आज संध्याकाळी येऊन बघू का' असं लिहिणाऱ्याला सांगलीहून लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त उत्तरं येतात.

खोली मिळाली की आत जाताना भिंती, खिडक्या, गादी, सगळ्याचे फोटो काढ आणि ताबा घेतानाच्या कागदावर डाग-ओरखडे लिहून सह्या घे. डिपॉझिट परत मिळताना भांडण त्यावरच होतं. आणि त्याच दिवशी टपालपेटीवर तुझं आडनाव लाव, पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न बदलता. घरात चौघं असली तरी पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि कराचा नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं त्याच पेटीत येणार असतं.

मसुदा नव्याने लिहून पाठव, जर्मन वाक्यं मी तपासून देते. आणि तो लंडनवाला काय म्हणाला तेही कळव.