थायलंडला जाताना डेबिट कार्ड आणि यूपीआय: आधी सिमकार्डाचं बघा

अहो ताई, तुमच्या सासूबाईंना आणि दोन मुलांना घेऊन नऊ दिवस बँकॉक आणि चिआंग माई, जवळ सरकारी बँकेचं एक डेबिट कार्ड आणि फोनमध्ये यूपीआय, एवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. कार्डावर बरंचसं भागेल. यूपीआयच्या भरवशावर मात्र जाऊ नका. आणि तुम्ही शेवटी जे लिहिलंय, 'उतरल्यावर इथलं सिम काढून तिथलं टाकू', ते कृपा करून करू नका.

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन चिआंग माईला गेले तेव्हा मी हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर नोंदणी केलेलं सिम फोनमध्ये नाही म्हणून आतच घेईना. पैसे काढण्याची मर्यादा निघताना मीच कमी करून ठेवली होती. ती वाढवायला अ‍ॅप हवं, अ‍ॅपला सिम हवं, आणि सिम हॉटेलच्या खोलीत, आईच्या औषधांच्या डबीत. परत जाऊन ते घातलं तर रोमिंग सुरू केलेलं नव्हतं, त्यामुळे मेसेज जाईना की येईना. खात्यात पैसे असून ती संध्याकाळ आईच्या पाकिटातल्या नोटांवर काढावी लागली. आईच्या चेहऱ्यावरची काळजी अजून आठवते.

आपलं बँकेचं अ‍ॅप काय किंवा यूपीआय काय, दोन्ही त्या एका सिमला बांधलेली असतात. म्हणून भारतातलं सिम फोनमध्येच ठेवा, इंटरनेटसाठी दुसऱ्या खाचेत तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या. रोमिंगचा छोटा पॅक इथूनच सुरू करून निघा, म्हणजे ओटीपी येत राहतील. फक्त भारतीय सिमवरचा डेटा बंद ठेवा.

आता कार्डाचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतंच सुरू होऊन येतं, परदेशातला वापर आपल्याला स्वतः चालू करावा लागतो. अ‍ॅपमध्ये 'इंटरनॅशनल' खाली एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन अशी वेगवेगळी बटणं दिसतील. पहिली दोन चालू करा, ऑनलाइनचं बंदच राहू द्या. परदेशी वेबसाइटवर बरेचदा ओटीपी न विचारताच पैसे जातात, नुसता कार्डाचा नंबर पुरतो. कार्ड फक्त देशांतर्गत चालणारं असेल तर बटणं दाबून उपयोग नाही, बदलूनच घ्यावं लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून याच आठवड्यात बँकेत जाऊन या.

एटीएमसमोर जास्त सावध राहायचं. परक्या कार्डावर तिथली मशीनं दर वेळी शुल्क घेतात, मी गेले तेव्हा ते २२० बाट (तिथलं चलन) होतं. हजार काढा की दहा हजार, शुल्क तेवढंच. त्यामुळे रोज थोडे थोडे काढू नका, दोनदाच मोठी रक्कम काढा. नंतर स्क्रीनवर प्रश्न येतो: रक्कम रुपयांत वळवून द्यायची का? हिशोब रुपयांत दिसला की आपल्याला बरं वाटतं, आणि चूक तिथेच होते. १०,००० बाटला मला मशीन २५,४०० रुपये दाखवत होतं. मी 'विदाउट कन्व्हर्जन' दाबलं. माझ्या बँकेचा दर, साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकी चलनासाठी बँक घेते ते शुल्क, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ते २४,६८० च्या आसपास पडले. एका बटणाचे सातशे रुपये! नकार दिला म्हणून पैसे अडत नाहीत, मशीन देतंच. दुकानात आणि हॉटेलातही हेच: बाटमध्येच घ्या म्हणून सांगा आणि मशीनवरचा आकडा बघूनच पिन टाका. आणखी एक, तिथल्या काही एटीएममधून आधी नोटा येतात आणि कार्ड नंतर. नोटा मोजत बाजूला झालं की कार्ड आतच राहतं.

यूपीआय नेपाळ, भूतान, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस अशा ठिकाणी कमीअधिक पोचलंय, पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटापासून त्याची सुरुवात २०२४ मध्ये झाली. पण बँकॉकच्या प्रत्येक हातगाडीवर दिसणारे क्यूआर प्रॉम्प्टपेचे, म्हणजे तिथल्या बँकांचे असतात. क्यूआर दिसला म्हणून आपला चालेल असं धरू नका.

म्हणून रोख लागेलच. चिआंग माईत लाल सोंगथाव (तिथल्या शेअर टॅक्सी), रात्रीच्या बाजारातली खाण्याची दुकानं, देवळांची तिकिटं, सगळीकडे नोटाच काढाव्या लागतात. इथून थोडे डॉलर न्या, शंभराच्या न दुमडलेल्या, न डागाळलेल्या नोटा. सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेतल्यावर समोर दिसतात त्या काउंटरवर बदलू नका. तळमजल्याच्याही खाली, जिथून रेल्वे सुटते त्या मजल्यावरच्या काउंटरवर दर बराच चांगला मिळतो. लहान मुलं दमलेली असतील, तरी तेवढं चाला.

हॉटेलवाले अनामत म्हणून कार्ड मागतात. डेबिट कार्डावर ती रक्कम तुमच्या खात्यातच अडकते आणि सुटायला कधी कधी आठवडा उलटतो. त्यांना अनामत रोख देऊ का विचारा, बरेच जण घेतात, फक्त पावती सांभाळा.

पगाराच्या खात्याचं कार्ड नेऊ नका. दुसऱ्या खात्यात सहलीपुरते पैसे टाकून त्याचं न्या, आणि एक जास्तीचं कार्ड सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा, दोन्ही एका पाकिटात नकोत. कार्ड हरवलंच तर बँकेचा १८०० वाला नंबर परदेशातून सहसा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा नंबर आजच शोधून कागदावर लिहून ठेवा, फोनच हरवला तर फोनमधला नंबर कामाचा नाही. न केलेला व्यवहार दिसला तर तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसेल तर नियमाप्रमाणे तेवढ्या मुदतीत नुकसान तुमच्यावर येत नाही. कळवल्याचा तक्रार क्रमांक मागून घ्या.

अ‍ॅपमध्ये ती बटणं सापडली नाहीत तर बँकेचं नाव न लिहिता स्क्रीनवर काय काय दिसतंय तेवढं सांगा, कुठे दाबायचं ते मी बघून सांगते.