जुनी हार्ड डिस्क, नवी एसएसडी

प्रश्न: माझ्या लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क आहे, त्यातला ३०० जीबीच डेटा भरलाय. ५०० जीबीची एसएसडी घेतली तर विंडोज परत टाकावं लागेल का?

उत्तर: नाही हो, क्लोन करा. एसएसडी यूएसबी अडॅप्टर केबलने लॅपटॉपला जोडायची आणि क्लोनिंग सॉफ्टवेअरने सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं, फक्त तुमची नवी ड्राइव्ह लहान आहे ना, आणि क्लोनझिलासारखं क्लोनिंग सॉफ्टवेअर एरवी तिथेच अडून बसतं, म्हणून लहान ड्राइव्हवर क्लोन करू देणारं सॉफ्टवेअर निवडा आणि आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून घ्या. फक्त सी ड्राइव्ह कॉपी करून भागत नाही बरं का, बूटचं छोटं पार्टिशनही (विंडोज सुरू करणारा डिस्कचा वेगळा भाग) लागतं, नाहीतर लॅपटॉप सुरूच होणार नाही (इथेच बरेच जण फसतात). बिटलॉकर (विंडोजची डिस्क लॉक करणारी सोय) चालू असेल तर आधी बंद करा. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप तिसऱ्याच ठिकाणी हवा, कारण सोर्स (जुनी डिस्क) आणि टार्गेट (नवी एसएसडी) उलटं निवडलं की संपलंच सगळं!

क्लोन झालं की जुनी डिस्क काढून एसएसडी बसवा. जुनी लगेच फॉरमॅट करू नका, महिनाभर राहू द्या तशीच.