पऱ्हाटीतलं लिग्निन आणि तिसऱ्यांदा नीट

जालना जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलीने लातूरला राहून दोनदा नीट दिली, यंदा ४१८ गुण. तिसऱ्यांदा बसवायची आहे, तर क्लास कोणता लावू? मुलगी मात्र लाकडाला कडक करणाऱ्या लिग्निन या घटकावर शिकायचं म्हणते. ‘शिकून काय वखार टाकायची का?’ असा वडिलांचा सवाल. पत्राच्या शेवटी मुलीने चार ओळी घुसडल्यात: बांधावर जाळतात त्या कापसाच्या पऱ्हाट्यांपासून व्हॅनिलाचा वास करता येतो, हे खरं का?

क्लासचं नाव मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात गहाण टाकलेली दोन एकर जमीन तीनदा येते, मुलीचं नाव एकदाही येत नाही. कर्ज खरं आहे, त्याचा घोरही खरा. पण ‘तुझ्यापायी रान गेलं’ हे जेवताना रोज ऐकणारी पोरगी परीक्षेत जीवशास्त्राचा पेपर वाचते की सातबारा? तिसरं वर्ष म्हणजे पुन्हा फी, मेस, खोलीभाडं. ते कशातून काढणार, उरलेलं रान गहाण टाकून? मेहुण्याच्या पोराचा तिसऱ्या खेपेला नंबर लागला म्हणता. ज्यांचा लागला नाही, त्यांची गोष्ट लग्नकार्यात कुणी सांगत बसत नाही. नीट कितीही वेळा देता येते, म्हणून देतच राहायची असं कुठे आहे?

वखारीचं म्हणाल, तर तुम्ही कापूसवाले, लिग्निन तुमच्या हाताला माहीत आहे. कोवळी पऱ्हाटी नखाने तुटते. तीच फेब्रुवारीत उपटायला चिमटा लागतो, तळहाताला फोड येतात. मधल्या काळात पेशींच्या भिंतीत लिग्निन भरतं आणि तंतूंना घट्ट धरून ठेवतं. वाळक्या पऱ्हाटीत ते पाव हिश्श्याच्या आसपास असतं. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं, तेही बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच.

आता तुझ्यासाठी, मुली. व्हॅनिलाचं खरं आहे. नॉर्वेतली बोरेगार्ड ही कंपनी स्प्रूस या झाडाच्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं रसायन, बनवते. काँक्रीट कमी पाण्यात सैल राहावं म्हणून त्यात घालतात ते लिग्नोसल्फोनेटही याच घरातलं. प्लायवूडच्या गोंदात फिनॉल या रसायनाच्या जागी काही प्रमाणात लिग्निन चालतं. पण ‘कारखाने हे सगळं फेकून देतात’ असं तू लिहिलंयस, ते चूक. कागदगिरणीत लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात. लिग्निन विरघळून काळा द्राव उरतो, तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ आणि वीज मिळते, वापरलेली रसायनंही परत हाती येतात. साखर कारखान्याचा बगॅसही, म्हणजे उसाचं चिपाड, असाच बॉयलरमध्ये जातो. म्हणजे लिग्निनला आधीच गिऱ्हाईक आहे, जळण म्हणून. त्याहून जास्त किंमत जो काढून दाखवेल, त्याचंच संशोधन टिकेल. या धंद्यात एक जुनी थट्टा आहे: लिग्निनपासून सगळं करता येतं, पैसे सोडून. बी.एस्सी.वर हे काम मिळत नाही, एम.एस्सी., बहुतेकदा पीएच.डी.पर्यंत जावं लागतं. चिकाटी नसेल तर आत्ताच सांग.

रस्त्यांचं थोडक्यात. बारावीला गणित ठेवलं होतं की सोडलं, हे दोघांनीही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अडलंय. असेल तर केमिकल इंजिनीअरिंग. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र तुमच्या जालन्यातच आहे. नसेल तर रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, किंवा परभणी कृषी विद्यापीठाचं लातूरचं जैवतंत्रज्ञान महाविद्यालय. पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं काम मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने केलंय, ते वाचून काढ.

फॉर्म भरण्याआधी तिला जवळच्या साखर कारखान्याचा बॉयलर दाखवून आणा. बगॅसचा ढीग आणि ती धग बघूनही शिकायचं म्हणाली, तर मला कळवा. ते पत्र तिला एकटीला लिहू द्या, बारावीच्या मार्कशीटसकट.