वाळूज-बजाजनगरला कुटुंब घेऊन राहणं कसं आहे? की छत्रपती संभाजीनगर शहरातून रोज ये-जा केलेली बरी?

तुम्ही लिहिलंय की वाळूजच्या एका कंपनीत रुजू होताय, सोबत बायको आणि तिसरीतली मुलगी आहे, आणि इथं राहणाऱ्यांना खरंच काय वाटतं ते ऐकायचंय. मी इथलीच, म्हणून सविस्तर सांगते.

२००४ साली लग्न होऊन अंबड तालुक्यातल्या एका गावातून मी इथं आले. पहिली सहा वर्षं रांजणगावात दहा बाय बाराच्या रूममध्ये काढली, मग बजाजनगरात रो-हाऊस झालं. मिस्टर कंपनीत आहेत. मी घरी पहिली ते सातवीच्या शिकवण्या घेते. पोरं कॉलनीतली येतात तशी मागच्या गुंठेवारीतलीही (शेतात मंजुरीशिवाय पाडलेल्या गुंठा-गुंठा प्लॉटांची वस्ती) येतात, त्यामुळे दोन्हीकडच्या घरांत काय चाललंय ते मला कळत राहतं.

माझं मत विचाराल तर इकडंच राहा. फक्त 'बजाजनगर' एवढं नाव ऐकून घर ठरवू नका. ते घर कुणाच्या हद्दीत येतं, हे सगळ्यात आधी विचारा. इथलं बाकी सगळं त्याच्यावर ठरतं.

बजाज ऑटोचा कारखाना इथं १९८५ साली सुरू झाला. त्याच्यामागं शेकडो लहान-मोठे कारखाने आले आणि कामगारांसाठी एमआयडीसीच्या, म्हणजे सरकारी औद्योगिक महामंडळाच्या, जागेवर बजाजनगर वसलं. पण आजूबाजूची रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर, तिसगाव, घाणेगाव ही गावं गावंच राहिली आणि त्यांच्या शेतांत प्लॉट पडत गेले. १९९१ मध्ये सरकारनं १८ गावांसाठी सिडकोला, म्हणजे वसाहती उभारणाऱ्या सरकारी महामंडळाला, नेमलं, त्यातून वाळूज महानगरच्या वसाहती झाल्या. म्हणजे एका किलोमीटरच्या आत एमआयडीसी, सिडको आणि ग्रामपंचायत असे तीन कारभार आहेत. नवा माणूस आला तर त्याला सगळं एकच शहर दिसतं, पण कचऱ्याची गाडी, नळ आणि रस्त्यावरचा दिवा गल्लीगल्लीला बदलतो.

आमच्या घरामागं एक नाली आहे. नालीच्या अलीकडं एमआयडीसीची पाण्याची लाईन, पलीकडं गुंठेवारीची वस्ती. पलीकडची एक चौथीतली पोरगी माझ्याकडं शिकायला यायची. उन्हाळा लागला की दप्तरासोबत पाच लिटरची कॅन आणायची. शिकवणी सुटली की आमच्या नळावर भरायची, दोन्ही हातांनी धरून पोटाशी लावायची आणि निघायची. तिचं घर आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर. एकदा तिची आई फीचे पैसे द्यायला आली तेव्हा ओट्यावर बसून म्हणाली, "मॅडम, धरण तर एकच आहे ना? मग तुमच्याकडं येतं ते आमच्याकडं का बरं येत नाही?"

मला काही बोलता आलं नाही. धरण एकच आहे, पैठणचं जायकवाडी. पण एमआयडीसीची पाइपलाइन कारखान्यांसाठी टाकलेली आणि आम्ही तिच्यावर बसलेलो. गावांना पाणी ग्रामपंचायतीच्या टाकीतून मिळतं, आणि वस्ती टाकीच्या कितीतरी पट वाढलेली. मग बोअर, टँकर आणि पिण्यासाठी फिल्टरचा जार. जारचे पैसे महिन्याच्या हिशेबात धरावेच लागतात. पलीकडच्या बाया पाण्याचा दिवस सोडून कुठं पाहुणपणाला जात नाहीत. शहरात गेल्यानं मात्र हे सुटेल असं समजू नका. माझी नणंद शहरातल्या जुन्या सिडको वसाहतीत राहते, तिच्याकडं कित्येक वर्षं पाच-सहा, कधी आठ दिवसांनी नळ येतो. पाण्याच्या बाबतीत बजाजनगरची एमआयडीसीतली घरं शहरातल्या चांगल्या कॉलन्यांपेक्षाही सुखी आहेत, हे मी खात्रीनं सांगते.

कारभाराचा मुद्दा थोडा उकलून सांगते, कारण इथल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथं आहे. कायद्यानं ग्रामपंचायतीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. गाव कितीही वाढलं तरी सतराच. नगरपरिषदेसाठी २५ हजार लोकसंख्या आणि निदान ३५ टक्के लोक शेतीबाहेरच्या कामात लागतात. इथं शेतीवर राहिलंय कोण? तरी एकेक ग्रामपंचायत शहराएवढी वस्ती सांभाळते आहे. आपल्या शेजारचंच पाटोदा पाहा. भास्करराव पेरे पाटलांचं गाव म्हणून सगळा महाराष्ट्र ते ओळखतो. घरपट्टी-पाणीपट्टी भरली की दळण फुकट मिळतं. ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर काय होतं ते तिथं दिसतं, आणि मला त्या गावाचा फार अभिमान आहे. पण पाटोदा तीन-साडेतीन हजार वस्तीचं. त्याच मापाचा सदरा रांजणगावाला कसा पुरेल? दरवर्षी हजारो माणसं येतात, रूम करून राहतात आणि त्यांचं नावही इथल्या मतदार यादीत नसतं.

या रूमवाल्या पोरांचं मत तुम्हाला कॉलनीत कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. परभणी, बीड, हिंगोली, बुलडाण्याची, अलीकडं बिहार-उत्तर प्रदेशची पोरं चार-चार जण एका रूममध्ये राहतात. फर्स्ट शिफ्टवाला उठला की त्याच्याच गादीवर थर्डवाला येऊन पडतो. बहुतेक ठेकेदाराकडं, परमनंट क्वचित. विचारलं की म्हणतात, "इथं राहतो थोडंच ताई, इथं काम करतो." सणाला गाव, आजारपणाला गाव, मतदानाला गाव. माझ्या शेजारचे काका याच्या उलट. त्यांनी परमनंट नोकरीत आयुष्य काढलं, दोन मुली शिकवल्या, दारात आंबा लावला. "वाळूजनं मला माणसात आणलं," असं ते म्हणतात. दोघंही खरं बोलतात. पण ज्यांच्या हातांवर या कंपन्या चालतात त्यांना हे गाव आपलं वाटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रूमवाल्यांची जी थोडी बिऱ्हाडं टिकली त्यांतलं आमचं एक, म्हणून कदाचित जास्त वाटत असेल.

आता ज्यासाठी मी इथून हलणार नाही ते सांगते. माझी थोरली दीड वर्षाची असताना तिला रात्री दोन वाजता तापात झटका आला. मिस्टर थर्ड शिफ्टला. तेव्हा आम्ही रांजणगावात होतो. मी दार उघडून नुसती ओरडले. समोरच्या चार रूम उघडल्या. एका पोरानं मोटरसायकल काढली, दुसऱ्याची बायको मागं मला धरून बसली, तिसरीनं माझ्या दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःकडं ठेवली. डॉक्टरांनी पोरीला वाचवलं. त्यांतल्या एका बाईचं गाव जिंतूर तालुक्यात, तोवर आमचं बोलणं नळापुरतंच होतं. इथं सगळेच आपलं घरदार सोडून आलेले, म्हणून एकमेकांचं दार लवकर उघडतं. आषाढी एकादशीला हे अजून दिसतं. इथल्या पंढरपूर गावाला छोटं पंढरपूर म्हणतात, तिथल्या विठ्ठलाला पहाटेपासून शहरातून पायी दिंड्या येतात, नगर रोड माणसांनी भरून जातो. त्या दिवशी शिफ्ट सुटलेली पोरं कंपनीच्या कपड्यांतच रांगेत उभी असतात. आमच्या गल्लीतल्या बाया केळी आणि साबुदाण्याची खिचडी वाटतात.

शाळांची काळजी नको. मराठी, सेमी, इंग्रजी सगळ्या आहेत. कॉलेजला मात्र पोरं शहरातच जातात. दवाखानेही भरपूर, पण पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर लक्षात ठेवा, कामगार विमा रुग्णालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला चिकलठाण्याला आहे. वाळूजचा कामगार आणि चिकलठाण्याचा दवाखाना, मधे सगळं शहर! गंभीर दुखणं असलं की लोक सरळ घाटीत, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेतात.

रोज ये-जा करायची म्हटलं तर मध्यवर्ती बसस्थानकापासून १०-१२ किलोमीटर. आकडा लहान वाटतो. पण महावीर चौक, लोखंडी पूल, छावणी, नगर नाका, गोलवाडी आणि एएस क्लब या वाटेनं शिफ्टच्या वेळी कंपन्यांच्या बसेस, ट्रेलर, उसाचे ट्रॅक्टर आणि हजारो मोटरसायकली एकदमच निघतात. २०१९ पासून स्मार्ट सिटीची शहर बस चालू झाली, तिचा बायकांना आणि कॉलेजच्या पोरींना फार आधार आहे. तरी सेकंड शिफ्ट रात्री सुटल्यावर मोटरसायकलनंच जावं लागतं. माझ्या शिकवणीतल्या दोन मुलांचे वडील याच रस्त्यावर गेले. म्हणून मी म्हणते, कंपनीजवळ राहा.

घर भाड्यानं घेणार असाल तर पहिलं वर्ष एमआयडीसीच्या नाहीतर सिडकोच्या हद्दीत काढा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. विकत घ्यायची घाई करू नका. 'बाँडवर करून देतो, नमुना आठ आपल्या नावावर होतो' असं सांगणारे चौकाचौकात भेटतील. नमुना आठ हा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा कागद नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत आणि एनएचा, म्हणजे जमीन बिगरशेती झाल्याचा, कागद बघितल्याशिवाय इसार देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं गावाकडची दोन एकर विकून असा प्लॉट घेतला. तोच प्लॉट आणखी दोघांना विकलेला निघाला.

आणि घर बघायला दिवसा येऊ नका, दिवसा सगळ्या गल्ल्या बऱ्याच दिसतात. रात्री नऊच्या सुमारास या, दिवे लागतात का बघा, कंपन्यांचा वास किती येतो ते कळेल. शेजारच्या घरी जाऊन नळ कधी येतो, किती वेळ राहतो आणि मागच्या मे महिन्यात काय केलं, एवढं विचारा. शेजारी बाई असेल तर तिला विचारा, तिला तारीख-वार सगळं पाठ असतं.