‘धैर्याने’ जवळ जायचं म्हणजे कसं?

संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं ४:१६ हे वचन त्या मुलांकडून पाठ करून घेत होत्या: ‘तर मग आपल्यावर दया व्हावी आणि ऐन वेळी साहाय्यासाठी कृपा मिळावी म्हणून आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ या.’ एका मुलीने विचारलं, ‘देव आपला बाप आहे ना? मग त्याच्याजवळ जायला धैर्य कशाला लागतं?’ ताई विचारतात, इथे ‘धैर्य’ हा शब्द चुकला आहे का?

शब्द चुकलेला नाही, पण मुलीच्या कानाला जे खटकलं ते अगदी बरोबर खटकलं. आजच्या बोलण्यात धैर्य लागतं ते धोक्यापाशी. ‘साहेबांना विचारायचं धैर्य झालं नाही’ असं आपण म्हणतो, ‘आईकडे पाणी मागायचं धैर्य झालं नाही’ असं कुणी म्हणत नाही. त्यात पुढे ‘राजासन’ आलं की चित्र आणखी कडक होतं. बायबलमधल्या एस्तेर राणीची गोष्ट आठवा. बोलावणं नसताना राजाच्या आतल्या चौकात जो जाईल त्याला मरणाची शिक्षा. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच सुटका. ती तीन दिवस उपास करून, जीव मुठीत धरून आत गेली. आपण रोज ज्याला धैर्य म्हणतो ते हे.

इब्री पत्रातला मूळ ग्रीक शब्द मात्र ‘पार्रेसिया’ असा आहे. ‘सगळं’ आणि ‘बोलणं’ या दोन शब्दांचा तो जोड. मनात असेल ते सगळं बोलण्याची मोकळीक. अथेन्समध्ये ही स्वतंत्र नागरिकाची खूण होती. गुलामाला ती नव्हती. एका जुन्या ग्रीक शोकांतिकेत आई हद्दपार झालेल्या मुलाला विचारते, परदेशात सगळ्यात जड काय गेलं? तो म्हणतो, तिथे पार्रेसिया नसते. आई म्हणते, मनातलं बोलता न येणं हे तर गुलामाचं जिणं. म्हणजे हा शब्द मुळात छातीचा नाही, तोंडाचा आहे. तोंड उघडायची मुभा असलेल्या माणसाचा आहे.

आपल्या बायबलमध्ये हा शब्द जागेप्रमाणे वेगवेगळा उतरला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य येशूला म्हणतात की आता आपण उघड बोलत आहात. तिथला ‘उघड’ म्हणजे हाच शब्द. प्रेषितांच्या कृत्यांत न्यायसभेपुढे उभ्या असलेल्या पेत्र आणि योहान या येशूच्या शिष्यांचं ‘धैर्य’ पाहून लोक थक्क होतात, तिथेही हाच. तिथे धैर्य चपखल बसतं, कारण समोर खरोखर धोका आहे. प्रार्थनेत ‘उघड’ची छटा जास्त हवी.

तरीही मी ‘धैर्य’ खोडणार नाही, आणि त्याला कारण आहे. धैर्य हा शब्द ‘धीर’वरून आला, आणि मराठीत धीराची क्रियापदं पाहा: धीर धरणे, धीर सुटणे, धीर येणे, धीर देणे. धीर दुसऱ्याकडून मिळतो! दवाखान्याच्या बाकावर शेजारी कुणी येऊन बसलं की ‘धीर आला’ म्हणतो आपण. या वचनाची रचनाही तशीच आहे. सुरुवातीचा ‘तर मग’ सुटू देऊ नका. तो आधीच्या ओळींकडे बोट दाखवतो: आपला प्रमुख याजक (मुख्य पुरोहित), म्हणजे येशू, सर्व प्रकारे पारखला गेला, आपली दुर्बलता त्याला कळते. यहुद्यांच्या मंदिरातल्या परमपवित्र स्थानात, म्हणजे अगदी आतल्या गाभाऱ्यात, प्रमुख याजकाशिवाय कुणी जात नसे, आणि तोही वर्षातून एकदाच. आता तिथे आपला माणूस आहे. म्हणून धीर आहे. याच पत्रात १०:१९ मध्ये मूळ ग्रीकचा रोख ‘पार्रेसिया आपल्याजवळ आहे’ असा आहे. ती आपण कमवायची नाही, ती हाती आलेली आहे.

पर्यायी शब्दांत ‘बेधडक’ आणि ‘बिनधास्त’ मला नको वाटतात. समोर राजासन आहे हेच ते विसरतात. ‘धिटाईने’मध्ये वडीलधाऱ्यांची नाराजी ऐकू येते. ‘निःसंकोच’ ठीक आहे, पण कचेरीच्या पत्राच्या शेवटी लिहिल्यासारखा. ‘मोकळेपणाने’ चांगला. माझं मन मात्र ‘हक्काने’वर जातं. ‘हक्काने ये, हक्काने माग’ हे आपण नात्यातल्या माणसालाच म्हणतो, आणि स्वतंत्र नागरिकाच्या अधिकाराची ती ग्रीक छटाही त्यात राहते. एक काळजी घ्यावी लागते: ‘हक्काने माग’ असं देणारा म्हणतो तेव्हा ते गोड वाटतं, मागणाराच म्हणू लागला तर नाही.

मुलीला समजावताना सर्वनामाचाही उपयोग होईल. पुष्कळ घरांत वडिलांना ‘अहो बाबा’ आणि आईला ‘अगं आई’. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘स्वर्गातील पित्या’ म्हणतो आणि लगेच ‘तुझे राज्य येवो’. पिता म्हणून हाक, पण सर्वनाम आईचं. पार्रेसिया मराठीत इतकी सहज बसली आहे की ती आपल्याला ऐकूही येत नाही.

माझी आजी रात्री भांडी आवरून ओट्याशीच उभी राहून प्रार्थना करायची. पदराला हात पुसत सुरुवात ठरलेली: ‘देवा, तुला ठाऊकच आहे, तरी सांगते.’ आणि मग खरंच सगळं सांगायची. गुडघ्याचं, उसन्या पैशांचं, धाकट्या काकाच्या रागाचंही. ताई, वर्गात ‘धैर्याने’चा अर्थ विचारला तर मी आजीचं हे वाक्य सांगेन.