कानात मळ साचून दडे बसलेत. इअरबडने काढू की तेल घालू?

इअरबड नको, कानाचा पडदा शाबूत असेल तर तेल चालेल. मळ कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातच तयार होतो. तिथली त्वचा हळूहळू बाहेर सरकते, चावताना जबडा हलतो आणि मळ आपोआप बाहेर पडतो. बड किंवा कानकोरणं घातलं की थोडा मळ कापसाला लागतो, बाकीचा पडद्याकडे ढकलला जातो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनाही बड आणि इअर कँडल (मळ काढायला कानात धरून पेटवायची पोकळ मेणबत्ती) दोन्ही टाळायला सांगतात. ऑलिव्हचं तेल किंवा केमिस्टकडचे मळ मऊ करणारे थेंब, दिवसातून दोनदा दोन-तीन थेंब, तीन ते पाच दिवस घाला आणि दर वेळी पाच मिनिटं कुशीवर पडून राहा. थेंब घातल्यावर मळ फुगून दडा थोडा वाढू शकतो. तेल कोमटसुद्धा करायची गरज नाही. लसूण घालून कढवलेलं तर नकोच, कान भाजतो.

कान दुखत किंवा वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर मात्र काहीही न घालता थेट ईएनटी डॉक्टरांकडे जा. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तरी त्याच दिवशी दाखवा, कारण तो नेहमी मळच असतो असं नाही.