सही करण्याआधी कागद घेऊन ये

बाळा, शहापूरच्या गणपतीत तुझं गाणं ऐकून कंपनीवाला करार घेऊन आला, याचा मला फार आनंद झाला. पण लगेच सही करू नकोस. कागद घेऊन खानापूरला ये, दोघं मिळून वाचू.

माझी पहिली चाल मी एकरकमी पैशांत देऊन टाकली. वरातीत ती वाजली की अजून पोटात कालवतं. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला करारात लिहून घेता येत नाही. पण तो आपोआप घरी येत नाही. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, तिचं सभासदत्व घे, गाणी नोंदव. करारात मुदत नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ हे शब्द आधी शोध. चाल, शब्द, रेकॉर्डिंग, तिन्हींचे हक्क वेगळे, हेही ध्यानात ठेव.

आणि आपल्या सीमाभागात हमखास निघणारी गोष्ट: ‘कन्नडमध्येही करू’. जरूर करा, गोडच होईल. पण भाषांतराचा हक्क स्वतंत्र आहे. तो वेगळा लिहून घे, पैसेही वेगळे माग.